निदर्शन

निदर्शन : दाखवणे, नजरेस आणून देणे. संस्कृत ‘दृश्’ धातूला ‘नि’ उपसर्ग लागून झालेला शब्द. भारतीय तत्त्वज्ञानातल्या वैशेषिक शाखेच्या प्रशस्तपादाच्या ग्रंथात अनुमानाच्या पाच अवयवांपैकी उदाहरणाच्या अवयवाला हे नाव आहे, आणि काव्यशास्त्रात ‘निदर्शना’ हा अलंकार आहे. आजच्या मराठीत एकवचनी निदर्शन बहुतेक सरकारी पत्रांपुरते उरले (‘आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की…’), तर अनेकवचनी निदर्शने रस्त्यावर उतरली. इंग्रजीत ‘डेमॉन्स्ट्रेशन’ हा एकच शब्द जी कामे करतो, ती मराठीने तिघांत वाटून दिली आहेत: रस्त्यावर निदर्शने, प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक आणि दुकानात किंवा संगीतात डेमो. वाटणी सोयीची आहे. ‘डेमो आहे’ म्हटल्यावर घोषणा द्यायच्या की वॉटर प्युरिफायर बघायचा, असा प्रश्न मराठी माणसाला पडत नाही.

रस्त्यावरच्या प्रकारांतही मराठी काटेकोर आहे. मोर्चा चालतो, धरणे बसून धरतात, निदर्शने उभ्याने होतात. मोर्चा हा मूळचा लढाईतला शब्द, तोफा लावण्याची जागा. ‘मोर्चेबांधणी’त तो अर्थ अजून टिकून आहे. भारतात निदर्शनांना घटनेच्या कलम १९ चा आधार आहे. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य (१९६२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरांवरची निदर्शनांची सरसकट बंदी रद्द केली. शांततेने केलेले निदर्शन हे अभिव्यक्तीचेच रूप आहे, असे न्यायालयाने मानले. संपाचा मूलभूत हक्क मात्र मान्य केला नाही.

निदर्शनात काय म्हटले याइतकेच काय दिसले आणि काय ऐकू आले, हेही लोकांच्या लक्षात राहते. १९७० च्या दशकात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या बायका महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या, त्या हातात लाटणे आणि थाळी घेऊन. रिकाम्या थाळीवर लाटणे आपटले की होणाऱ्या आवाजाला भाषणाची गरज नव्हती. याच्या अगदी उलट २०१६ चे मराठा मूक मोर्चे: लाखोंचा जमाव आणि घोषणा नाही. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईत आला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांचा खोळंबा नको म्हणून शेतकरी सोमय्या मैदानावर न थांबता रातोरात आझाद मैदानाकडे निघाले. सोलवटलेल्या तळव्यांची छायाचित्रे सगळीकडे पोचली होतीच. पण शहर विरघळले ते बहुधा या रात्रीच्या चालण्याने.

प्रात्यक्षिकाचा अर्थ सरळ आहे: करून दाखवणे. संगणकाच्या इतिहासातले सर्वांत गाजलेले प्रात्यक्षिक अमेरिकी संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दिले. सुमारे दीड तासात त्यांनी माउस वापरून दाखवला. पुढे १९८० च्या दशकात युरोपातली पोरे संगणकावरच्या गेमचे नक्कल रोखणारे कुलूप तोडून त्याच्या सुरुवातीला आपली हलती, वाजती सही जोडू लागली. त्यातून ‘डेमोसीन’ ही कला निघाली. चित्र आणि संगीत घडवणारा अख्खा प्रोग्रॅम ६४ किलोबाइटांत बसवायचा, कधी फक्त चारांत. २०२० मध्ये फिनलंडने तिला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

संगीतातला डेमो म्हणजे गाण्याचा कच्चा खर्डा, कंपनीला ऐकवण्यासाठी केलेला. १९७९ मध्ये टॅस्कॅमचे पोर्टास्टुडिओ हे चार ट्रॅकचे यंत्र आले आणि साध्या कॅसेटवर घरबसल्या ध्वनिमुद्रण होऊ लागले. मेटल या कर्कश रॉक संगीताच्या भूमिगत वर्तुळात तर कंपनी बाजूलाच राहिली. श्रोते टपालाने कॅसेटींची अदलाबदल करत. एकावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. प्रत्येक प्रतीत खरखर थोडी वाढे. विकत घेतलेल्या कॅसेटच्या वरच्या कडेची तुटलेली खाच चिकटपट्टीने बुजवली की तिच्यावरही नवे भरता येई. ही युक्ती आपल्याकडेही घरोघरी माहीत होती. मेटॅलिका या अमेरिकी बँडचा १९८२ चा डेमो असाच हातोहात पसरला आणि पहिला अल्बम निघण्याआधीच बँडचे नाव झाले.

त्याच वर्षी अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने घरी पोर्टास्टुडिओवर केलेली गाणी बँडबरोबर स्टुडिओत पुन्हा वाजवून पाहिली. ती जमेनात. शेवटी ‘नेब्रास्का’ हा अल्बम त्या डेमोवरूनच काढला. ती कॅसेट त्याने कित्येक दिवस डबीशिवाय खिशात बाळगली होती.