भीमगडच्या जंगलात संशोधन करायचे असेल तर: परवानगीचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र घेऊन पदवीधर झालेली आणि पुढे वन्यजीव संवर्धनात संशोधन करू पाहणारी मुलेमुली आता दरवर्षी भेटतात. कोणी राणी चन्नम्मा विद्यापीठात किंवा धारवाडला नाव नोंदवतो, कोणी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची वाट धरतो, तर कोणी गोवा विद्यापीठाची. अभ्यासासाठी जागा कोणती, असे विचारले की उत्तर बहुधा एकच येते: भीमगड. त्यात वावगे काही नाही. २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे १९०.४२ चौरस किलोमीटरचे जंगल खानापूर तालुक्यात, म्हणजे घराच्या जवळच आहे. म्हादई तिथेच देगावजवळ उगम पावते, आणि तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधले रॉटनचे फ्री-टेल्ड वटवाघूळ विज्ञानाला प्रथम त्याच गुहांमधून माहीत झाले. एवढे सगळे दाराशी असताना अभ्यासासाठी दूर कशाला जायचे, हा प्रश्न रास्तच आहे.

अडचण येते ती परवानगीच्या टप्प्यावर. अर्ज परत येतात, महिनोन्‌महिने पडून राहतात किंवा ‘त्रुटी पूर्ण करा’ एवढ्या एका ओळीच्या पत्रासह मागे पाठवले जातात, आणि या त्रुटी संशोधनाच्या विषयात क्वचितच असतात, बहुतेक वेळा त्या कागदांत असतात. म्हणून नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात सांगून जिथे अर्ज अडतो तिथे या लेखात अधिक थांबलो आहे.

अर्ज कोणाच्या नावे

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात वन्यजीवांच्या अभ्यासासाठी किंवा शास्त्रीय संशोधनासाठी प्रवेश करण्याची आणि राहण्याची परवानगी देण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना आहे. कर्नाटकात त्यांचे कार्यालय बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागातील अरण्य भवनात आहे. असे असूनही बहुतेक विद्यार्थी अर्ज बेळगावच्या उपवनसंरक्षकांच्या नावे लिहितात, कारण ते कार्यालय जवळचे आणि ओळखीचे असते. तिथून ‘वर पाठवू’ असे आश्वासन मिळते, आणि कोणाच्याही अधिकारात न बसणारा तो कागद फायलीत राहतो. मूळ अर्ज बेंगळुरूला, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे जायला हवा. बेळगावच्या उपवनसंरक्षकांना आणि संबंधित परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांना, म्हणजे आरएफओंना, त्याची प्रत द्यावी. बेंगळुरूहून स्थानिक कार्यालयाचा अभिप्राय मागवला जातो, तेव्हा प्रत आधीच पोचलेली असेल तर अभिप्राय लवकर निघतो. प्रत देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. पुढे पाठपुराव्यासाठी अर्जदाराच्या हाती तेवढाच एक पुरावा असतो.

अभयारण्याच्या हद्दीबाहेर परवानगी लागत नाही, हा दुसरा मोठा गैरसमज आहे. जांबोटी, नागरगाळी, लोंढा या पट्ट्यातले बरेचसे जंगल राखीव वन आहे. तिथेही कर्नाटक वन अधिनियम, १९६३ लागू असल्याने विनापरवानगी वावर गुन्हा ठरू शकतो. अभ्यासक्षेत्राचा एखादा तुकडा दांडेलीच्या बाजूला काळी व्याघ्र प्रकल्पात जात असेल, तर तो अर्जात वेगळा दाखवावा, कारण त्याचा अभिप्राय व्याघ्र प्रकल्पाच्या संचालकांकडून येतो.

अर्ज कोणी करावा

पीएचडीसाठी नोंदणी झालेला विद्यार्थी, संशोधन प्रकल्प मंजूर झालेला प्राध्यापक किंवा मान्यताप्राप्त संस्थेतील संशोधक अर्ज करू शकतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मात्र कळकळीने सांगावेसे वाटते की एका सत्राच्या प्रबंधासाठी स्वतंत्र परवानगी मागण्याच्या फंदात पडू नका, कारण परवानगी हाती येईपर्यंत सत्र संपलेले असते. तुमच्या मार्गदर्शकांकडे चालू परवानगी असेल, तर त्यांच्या चमूत आपले नाव समाविष्ट करून घेण्याचा लेखी अर्ज त्यांच्यामार्फत करा. तशी परवानगी नसेल, तर गावतळे, शेताचे बांध किंवा गावकऱ्यांच्या राखणीतली देवराई असा विषय घ्या. जागा वनखात्याच्या ताब्यात नाही याची तलाठ्याकडे खात्री करून घ्या आणि ग्रामपंचायतीचे किंवा जमीनमालकाचे लेखी पत्र जोडा. असा प्रबंध कमी प्रतीचा ठरत नाही.

आमगाव, गवाळी, तळेवाडी, कृष्णापूर अशा अभयारण्यातल्या गावांत ज्यांचे घर किंवा आजोळ आहे, त्यांना वाटते की आपल्याला कोण अडवणार. तिथल्या रहिवाशांना आणि जमीनधारकांना ये-जा करण्याचा हक्क कायद्याने आहेच, पण त्या हक्काच्या आधारे कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा, लावणे किंवा नमुने गोळा करणे चालत नाही. आपलाच माणूस म्हणून वनरक्षकाने काही काळ दुर्लक्ष केले, तरी प्रबंध सादर करताना परीक्षक परवानगीपत्राचा क्रमांक विचारतात, आणि तेव्हा गोळा केलेली सगळी माहिती निरुपयोगी ठरते.

जे कागद हमखास अडतात

बायोडेटा, ओळखपत्र, मार्गदर्शकांचे पत्र, चमूतील प्रत्येकाचे नाव आणि छायाचित्र, उपकरणांची यादी आणि निधी कोठून मिळतो याची माहिती हे कागद सगळेच जोडतात. त्याखेरीजच्या काही कागदांविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

पहिला नोंदणीपत्राचा. विद्यापीठाची संशोधन समिती म्हणते, वनखात्याची परवानगी आणा, मग विषय अंतिम करू. वनखाते म्हणते, अंतिम झालेला विषय आणि नोंदणी दाखवा, मग परवानगी देऊ. दोन्ही बाजूंना आपापला नियम पाळायचा असतो आणि मधल्या मधे विद्यार्थ्याचे वर्ष जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात, त्यांतले एक वर्ष या फेऱ्यांत घालवणे कोणाला परवडणार? यातून वाट निघते ती अशी: विद्यापीठाकडून तात्पुरत्या नोंदणीचे पत्र घ्यावे, त्यासोबत विषय ‘वनविभागाच्या परवानगीच्या अधीन राहून मंजूर’ असे नमूद केलेले समितीच्या बैठकीचे इतिवृत्त जोडावे, आणि हे दोन्ही कागद एकत्र द्यावेत. विभागप्रमुखांना असे इतिवृत्त लिहिण्यात सहसा अडचण नसते. ते मागावे लागते हेच मुलांना ठाऊक नसते.

दुसरा कागद म्हणजे संस्थेचे शिफारसपत्र. महाविद्यालयाच्या विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र पुरेसे समजून अनेक जण तेवढेच जोडतात. पत्र संस्थेच्या वतीने असावे लागते, म्हणजे विद्यापीठाच्या बाबतीत कुलसचिवांच्या सहीचे. कोल्हापूर किंवा गोवा विद्यापीठात नोंदणी असलेल्यांनी तर यात अजिबात कसर ठेवू नये. परराज्यातील संस्थेचा अर्ज स्थानिक कार्यालयात अधिक बारकाईने पाहिला जातो, आणि अर्जदार खानापूरचाच असला तरी कागदावर तो बाहेरचा ठरतो.

तिसरा, आणि जवळजवळ कोणाकडेच नसलेला, कागद आहे अभ्यासक्षेत्राचा नकाशा. मोबाइलवरच्या नकाशाचे छायाचित्र काढून त्यावर लाल वर्तुळ केलेले चालत नाही. वनखाते परिक्षेत्र (रेंज), सेक्शन, बीट आणि कंपार्टमेंट अशा मोठ्या-लहान विभागांच्या भाषेत जंगल ओळखते, आणि अभिप्राय लिहिणाऱ्याला नेमके कोणत्या बीटमध्ये किती दिवस माणसे फिरणार आहेत हे कळायला हवे असते. त्यामुळे अर्ज लिहिण्याआधी रेंज ऑफिसात जाऊन बीटची नावे आणि हद्दी विचारून घ्याव्यात, आपली निरीक्षणस्थळे अक्षांश-रेखांशासह त्या नकाशावर बसवावीत आणि नकाशाखाली बीटनिहाय तक्ता द्यावा. ही भेट वाया जात नाही, कारण पुढे अभिप्राय त्याच कार्यालयातून निघायचा असतो.

चौथी अडचण सीमाभागातल्या मुलांच्या नावाची आहे. कर्नाटकातल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी स्वतःचे नाव, महाराष्ट्रातल्या विद्यापीठाच्या कागदावर आधी आडनाव, आधारवर तिसरेच स्पेलिंग, आणि पत्त्यात कुठे जुने ‘बेळगाव’ तर कुठे नोव्हेंबर २०१४ नंतरचे ‘बेळगावी’. इथल्या माणसाला हे सगळे एकच वाटते, पण बेंगळुरूत फाईल पाहणाऱ्याला ती दोन वेगळी माणसे वाटू शकतात. अर्जात एकच रूप कायम वापरावे आणि बाकीची रूपे त्याच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून सुरुवातीलाच जोडावे.

अर्जाची भाषा इंग्रजी चालते. तरीही स्थानिक कार्यालयाच्या प्रतींवर एक पानाचे कन्नड आवरणपत्र लावावे, असा माझा आग्रह आहे, कारण बीटवरचा वनरक्षक आणि कार्यालयातला लिपिक तोच कागद वाचून पुढे सरकवतात. कन्नड लिहिता येत नसेल तर वर्गातल्या मित्राची मदत घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

कोणत्या कलमाखाली परवानगी हवी ते नीट लिहा

सर्वांत जास्त अर्ज अर्धवट मंजूर होतात ते इथे. ‘अभ्यास’ हा एकच शब्द लिहून भागत नाही. दुर्बिणीने पक्षी पाहणे, पावलांचे ठसे नोंदवणे, कॅमेरा ट्रॅप लावणे ही कामे कलम २८ च्या परवानगीत बसतात. पण प्राणी पकडायचा असेल, मग तो जाळ्यात धरून, मोजून लगेच सोडायचे वटवाघूळ का असेना, तर कायद्याच्या व्याख्येत ती शिकार ठरते, कारण कलम २ मधल्या शिकारीच्या व्याख्येत पकडणे आणि सापळा लावणे ही दोन्ही येतात. पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी हलवणेही येते. त्यासाठी कलम १२ खाली वेगळी परवानगी लागते. प्राणी अनुसूची एकमधला, म्हणजे कायद्याच्या सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या यादीतला असेल, तर त्याआधी केंद्र सरकारची संमती आणि अन्य प्राणी असेल तर राज्य सरकारची संमती घ्यावी लागते. बारापेडेचे ते वटवाघूळ अनुसूची एकमध्ये आहे, तेव्हा त्याला हात लावण्याचा विषय घेणाऱ्याने किती दारे ठोठवावी लागतील याचा हिशेब आधीच करावा. गुहेबाहेर राहून ध्वनिमुद्रणाने होणारा अभ्यास पुरेसा असेल तर तोच निवडावा. पकडण्याचे काम टाळता येणारच नसेल, तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरीही सोबत ठेवावी.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि आधीच्या सहा अनुसूचींच्या जागी आता चारच आहेत. जुन्या प्रबंधांतून अनुसूचींचे क्रमांक उतरवून काढणाऱ्यांचे अर्ज याच कारणाने परत येतात. प्रत्येक प्रजातीचे स्थान नव्या यादीत स्वतः तपासावे.

पान, साल, माती, विष्ठा असे काहीही अभयारण्याबाहेर न्यायचे असेल, तर ते कलम २९ च्या कक्षेत येते आणि हे कलम कडक आहे. काय, किती आणि कशासाठी हे प्रमाणासह लिहावे. जे लिहिलेले नाही ते उचलू नये. चोर्ला रस्त्यावर किंवा खानापूर-लोंढा मार्गावर वाहनाखाली मेलेल्या प्राण्यांची नोंद करणाऱ्या मुलांना हे विशेष सांगायला हवे, कारण कलम ३९ नुसार मेलेला वन्यप्राणीही शासनाची मालमत्ता असतो. छायाचित्र घ्या, जागेची नोंद करा, वनरक्षकाला कळवा, पण मेलेला साप बाटलीत घालून प्रयोगशाळेत नेऊ नका. चांगल्या हेतूने केलेल्या या गोष्टीने मुले चौकशीत अडकतात.

नमुने परदेशातल्या प्रयोगशाळेत जाणार असतील, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा टप्पाही येतो. ड्रोन वापरायचा असल्यास त्याचा उल्लेख वेगळा करावा.

हद्द तीन राज्यांची, परवानग्याही तीन

नदी, बेडूक किंवा वाघ यांना राज्याची सीमा नसते, पण परवानगीला ती असते. कर्नाटकाचे पत्र चोर्ला घाटात राज्याच्या हद्दीवर संपते. पलीकडे म्हादई अभयारण्य गोव्याचे, आणि उत्तरेला तिलारी व चंदगडचे जंगल महाराष्ट्राचे. अभ्यासक्षेत्र तिन्हींत पसरले असेल, तर बेंगळुरू, पणजी आणि नागपूर अशा तीन ठिकाणी अर्ज करावे लागतात. तिन्ही अर्जांत शीर्षक, उद्दिष्टे आणि कालावधी अक्षरशः सारखे ठेवावेत, आणि प्रत्येकात अन्य दोन राज्यांकडे अर्ज केल्याचे नमूद करावे. सगळ्या परवानग्या येईपर्यंत थांबून राहू नये. ज्या राज्याची पहिली आली तिथून काम सुरू करता येईल अशी विषयाची मांडणी मार्गदर्शकांशी बोलून आधीच करून घ्यावी.

मुदतीचा घोळ

परवानगी साधारणपणे ठरावीक काळासाठी, बहुधा वर्षभरासाठी मिळते आणि पुढे नूतनीकरण करावे लागते. पत्रात ज्या तारखा असतात त्याच लागू होतात. तुम्ही जंगलात पाऊल टाकले त्या दिवसापासून वर्ष मोजले जात नाही. पावसाळ्यात भीमगडच्या आतल्या वाटा बंद असतात. मे महिन्यात पत्र हाती आले तर त्यातले पहिले चार महिने पावसातच जातात. कोरड्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मे या काळात काम करायचे असेल, तर अर्ज त्याच्या आदल्या हिवाळ्यातच द्यावा. पावसाळ्यातले बेडूक किंवा बुरशी हाच विषय असेल, तर आत राहण्याची व्यवस्था कोठे आणि सोबत कोण, हे अर्जातच लिहावे, नाहीतर सुरक्षिततेच्या कारणावरून नकार येतो.

नूतनीकरण प्रगती अहवालाशिवाय होत नाही. अहवाल मुदत संपण्याआधी द्यावा, आणि त्याची प्रत रेंज ऑफिसलाही द्यावी. ज्यांनी जंगल दाखवले त्यांना काय सापडले ते कळवणे हा साधा शिष्टाचार आहे, आणि तो पाळला जात नाही म्हणून पुढच्या विद्यार्थ्याच्या अर्जाकडे कपाळाला आठ्या घालून पाहिले जाते.

गावकऱ्यांच्या मुलाखती किंवा प्रश्नावली हा अभ्यासाचा भाग असेल, तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि मराठीतले संमतिपत्र तयार ठेवावे. अभयारण्यातल्या गावांत पुनर्वसनाची चर्चा चालू आहे; कागद-पेन घेऊन दारात आलेल्या माणसाला लोक सरकारी माणूस समजतात आणि घाबरतात. आपण कोण, कशासाठी आलो आणि या उत्तरांचा पुनर्वसनाशी संबंध नाही, हे पहिल्या वाक्यातच सांगावे.

अर्ज देऊन बराच काळ लोटला आणि काहीच कळत नसेल, तर आवक क्रमांकासह एक स्मरणपत्र पाठवावे. त्यालाही उत्तर नसेल, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली ‘माझा अर्ज सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या तारखेपासून आहे आणि त्यावरील शेऱ्यांच्या प्रती द्याव्यात’ एवढाच प्रश्न विचारावा. याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. विलंब का झाला, असे विचारू नये. त्याचे उत्तर मिळत नाही आणि संबंध मात्र बिघडतात. फाईल कोणाच्या टेबलावर आहे हे कळले की त्या टेबलावरची त्रुटी विचारून दुसऱ्याच दिवशी पूर्ण करून द्यावी.