उन्हाळी पुन्हा पुन्हा का लागते?

आमच्या परभणीकडे लघवीला आग व्हायला लागली की 'उन्हाळी लागली' म्हणतात. मावशीला ती दरवर्षी भर हिवाळ्यात, कापूस वेचणीत लागते. रानात बायकांना आडोसा नसतो, म्हणून सकाळपासून पाणी प्यायचं नाही आणि लघवी दाबून ठेवायची. यंदा धने-जिऱ्याच्या पाण्यानं भागलं नाही. मग दवाखाना झाला, गोळ्यांचा कोर्स एकही न चुकवता पुरा झाला. महिन्याभरात पुन्हा तीच आग. "गोळ्याच नकली व्हत्या," हा मावशीचा निकाल.

गोळ्या खऱ्या असूनही असं होऊ शकतं. लघवीच्या बहुतेक संसर्गांमागे ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू असतो. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं त्याची भिंत बांधण्याचं काम बिघडवतात, पण जो जिवाणू बांधकाम थांबवून निजलाय, त्याचं काय बिघडवणार? लव्हाळ्याचंच बघा. तणनाशक हिरव्या पात्यातून आत जातं. जमिनीखाली निजलेल्या गाठीला त्याचा पत्ताही नसतो. पाऊस पडला की पुन्हा कोंब.

१९४४ साली जिवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांना पेनिसिलिनच्या माऱ्यातूनही मोजके जिवाणू उरलेले दिसले (ते स्टॅफिलोकोकस होते, ई. कोलाय नव्हे). त्यांना पुन्हा वाढवलं तर त्यांची पिल्लावळ त्याच पेनिसिलिननं मेली. म्हणजे ते औषधाला निर्ढावलेले नव्हते, नुसते निजलेले होते. रेझिस्टन्स वेगळा आणि ही झोप वेगळी. लघवीच्या कल्चरमध्येही (लघवीतले जिवाणू वाढवून त्यांच्यावर औषधं चालतात का ते बघण्याची तपासणी) म्हणूनच फसगत होते. प्रयोगशाळेत खायला मिळालं की जिवाणू जोमानं वाढतात, औषधानं मरतात, आणि रिपोर्टवर त्या औषधापुढे 'सेन्सिटिव्ह', म्हणजे औषध लागू पडतं, असं येतं.

मूत्राशयात तर त्यांना निजायला जागाही मिळते. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं ते असं: ई. कोलाय आपल्या केसांसारख्या तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो, पेशीत शिरतो आणि आत गठ्ठ्यानं वाढतो. शरीर वरच्या बाधित पेशी सोलून लघवीवाटे टाकून देतं. चांगलाच उपाय, पण त्यानं खालचा थर उघडा पडतो. त्या कोवळ्या पेशींत थोडे जिवाणू शिरतात आणि पडून राहतात. अनेक औषधं पेशीच्या आत पुरेशी पोचत नाहीत, आणि पोचली तरी समोरचा निजलेला. पुढं त्या पेशी जून होऊ लागल्या की आतल्याला जाग येते.

माणसांतही रुग्णांच्या लघवीत गळून आलेल्या पेशींमध्ये असे गठ्ठे सापडलेत. मात्र दर वेळची उन्हाळी जुन्या जिवाणूचीच असते असं नाही. आतड्यातून नवा पाहुणाही येतो. म्हणून पुन्हा त्रास झाला की उरलेली जुनी पाकिटं फोडण्याआधी कल्चर करावं.

मावशीला लव्हाळ्याचं लगेच पटलं. "मग गाठ मारायचं औषध दे म्हणावं डाक्टरला," ती म्हणाली. निजलेल्यांसाठीचं तसं खास औषध अजून दुकानात आलेलं नाही. सध्या तिनं वेचणीला जाताना पाण्याची बाटली न्यायला सुरुवात केलीय. आडोशाचं काय, ते तिनं मलाच विचारलं.