लिनक्सवरील अल्पविलंबी ध्वनिकार्य

लिनक्स प्रणालीच्या संगणकात ध्वनी आत येऊन, त्यावर प्रक्रिया होऊन बाहेर पडेपर्यंतचा विलंब काही मिलिसेकंदांवर आणणे व कामाचा ताण वाढला तरी तो तेवढाच राखणे, यासाठी केलेली जुळवणी. ध्वनी नमुन्यांच्या (ठरावीक अंतराने मोजलेल्या ध्वनिमूल्यांच्या) बफरमधून, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातून, हाताळला जातो. ४८,००० हर्ट्‌झ दराने १२८ नमुन्यांचा बफर सु. २.६७ मिलिसेकंदांचा असतो. तेवढ्यात पुढचा भरला नाही, तर आवाज तुटतो (एक्सरन). म्हणून येथे सरासरी वेग गौण; सर्वांत वाईट क्षणी किती उशीर होतो, हेच निर्णायक.

या तंत्राचा आरंभ कोठे मानावा, याबाबत एकमत नाही. इंगो मोल्नार यांनी १९९९–२००० च्या सुमारास कर्नलमधील (प्रणालीच्या गाभ्यातील) लांबलचक कामांत मध्येच प्रोसेसर सोडण्याच्या जागा घालणारे पॅच (कोडमधील फेरफार) लिहिले. अँड्र्यू मॉर्टन यांनी कर्नलच्या २.४ मालिकेसाठी तेच धोरण चालवले. दुसरे मत रॉबर्ट लव्ह यांच्या २००१ मधील प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून अधिक तातडीच्या कामाला प्रोसेसर देणे) पॅचला अग्रमान देते, तो २.५ मालिकेत स्वीकारलाही गेला. ध्वनिकार्यापुरते पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. कारण स्पिनलॉक (सामायिक माहिती एका वेळी एकाच कामाला वापरू देणारे कुलूप) धरलेला असताना प्रीएम्प्शन होत नसे आणि तेथील उशीर तसाच राही. पुढे मोल्नार, टॉमस ग्लाइक्सनर आदींच्या प्रीएम्प्ट-आरटी (आरटी म्हणजे रिअल-टाइम) पॅचमध्ये बहुतेक स्पिनलॉकच्या जागी, धरलेले असतानाही काम थांबवता येईल असे लॉक आले व इंटरप्ट (उपकरणांकडून येणारे व्यत्यय-संकेत) थ्रेडकडे (प्राधान्य ठरवता येणाऱ्या स्वतंत्र कार्यधाग्यांकडे) सोपवले गेले. मुख्य कर्नलमध्ये ही सोय ६.१२ पासून (नोव्हेंबर २०२४) आहे. मात्र इंटरप्टचे थ्रेड करणारा ‘थ्रेडआयआरक्यूज’ पर्याय २.६.३९ मध्येच (२०११) आला होता. साध्या ध्वनिमुद्रणास आरटी कर्नल हवाच असे नाही.

पॉल डेव्हिस यांचा जॅक आणि अलीकडचा विम टायमन्स यांचा पाइपवायर हे प्रमुख ध्वनिसर्व्हर (इतर प्रोग्रॅम व ध्वनिउपकरण यांमध्ये ध्वनीची ने-आण करणारे प्रोग्रॅम). त्यांच्या थ्रेडना रिअल-टाइम प्राधान्य (रूढ मर्यादा ९५) व स्मृती रॅममध्येच बांधून ठेवण्याची मुभा द्यावी लागते. दुसरी मुभा वगळून केवळ प्राधान्य देणे अपुरे आहे. कारण डिस्कवर गेलेले स्मृतीचे पान (तुकडा) परत येईस्तोवर बफर रिकामा होतो. प्रोसेसरचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सोय) ‘परफॉर्मन्स’वर ठेवतात, यूएसबी उपकरणांस दोनऐवजी तीन पीरियड (ध्वनिउपकरणाच्या बफरचे भाग) सहसा मानवतात.

फर्मवेअरकडून (मदरबोर्डवरील बायोससारख्या मूळ सॉफ्टवेअरकडून) येणारे एसएमआय (सिस्टिम मॅनेजमेंट) इंटरप्ट कर्नलला रोखता येत नाहीत. बायोसमधील संबंधित सोयी बंद करून उपयोग झाला नाही, तर मदरबोर्ड बदलावा लागतो.