मळी मागे राहावी म्हणून

वितळलेल्या पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे सातपट, आणि त्यावर तरंगणाऱ्या धातुमळीची, म्हणजे स्लॅगची, जेमतेम तीनपट. एवढा फरक असताना दोघांना वेगळं ठेवायला एवढा खटाटोप कशाला, असं कुणालाही वाटेल. भट्टीत ती वेगळी असतातच. घोळ होतो तो टॅपिंगच्या, म्हणजे भट्टीतून पोलाद बाहेर काढण्याच्या वेळी, आणि तोही बहुतेक शेवटच्या काही सेकंदांत. पोलादाची पातळी टॅपहोलवर, म्हणजे पोलाद सोडायच्या भोकावर, बरीच खाली आली की हौदाचं बूच काढल्यावर शेवटी शेवटी पाण्याला पडतो तसा भोवरा पडतो आणि वरची मळी त्यातून सरळ लॅडलमध्ये, म्हणजे पोलाद झेलणाऱ्या भांड्यात, उतरते. भट्टीत अजून पोलाद शिल्लक असतानाच!

मळी अडवण्याची जुनी युक्ती किटलीची. किटलीची तोटी तळाजवळून निघते, म्हणून वर तरंगणारं आतच राहतं. ओतकामातले किटलीच्या घडणीचे लॅडल याच तत्त्वावर चालतात. खनिजातून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीसमोरच्या पन्हळीतला स्किमरही तेच करतो: आडवा बसवलेला ठोकळा लोखंडात बुडालेला असतो, लोखंड त्याच्याखालून पुढे जातं आणि अडलेली मळी बाजूच्या पन्हळीने वेगळी काढतात. तिथे धार बराच वेळ सुरू असते, घाई नसते. म्हणून ही साधी व्यवस्था आजही टिकून आहे.

पोलादाच्या भट्टीत मात्र कित्येक वर्षं या प्रश्नाकडे कुणी फारसं गांभीर्याने पाहिलं नाही, आणि त्याला कारण होतं. ओपन हार्थ या जुन्या, उथळ भट्टीचं टॅपहोल मागच्या बाजूला, तळाशी. आधी पोलाद यायचं, मागोमाग मळी. लॅडल भरला की जादा मळी त्याच्या ओठावरून शेजारच्या स्लॅग पॉटमध्ये सांडायची. जी राहायची ती हवीच असायची, कारण तिच्या थराखाली पोलाद गरम राहायचं. पुढे लॅडलच्या तळातून, स्टॉपर रॉड, म्हणजे भोक बुजवणारी दांडी, उचलून, साच्यांत ओतायचं. मळी वरच्या वर. लॅडल म्हणजे तेव्हा केवळ वाहतुकीचं भांडं.

मळी धोक्याची ठरण्याची बीजं मात्र त्याआधीच पडली होती. १८७० च्या दशकाच्या अखेरीस सिडनी गिलख्रिस्ट टॉमस आणि पर्सी गिलख्रिस्ट यांनी डोलोमाइटचं अस्तर आणि चुना वापरून लोखंडातला फॉस्फरस मळीत ओढून घेण्याची रीत बसवली. तिथून मळी ही नुसती घाण राहिली नाही, ती फॉस्फरसची कोठडी झाली. कोठडीचं दार आतून बंद नाही, एवढं लक्षात ठेवायचं. १९५२ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझला एलडी कन्व्हर्टर, म्हणजे वितळलेल्या लोखंडावर ऑक्सिजन फुंकून पोलाद करणारं कलतं भांडं, सुरू झाला. त्यात टनामागे साधारण १०० किलो मळी तयार होते आणि तिच्यात लोहाचं ऑक्साइड भरपूर. पुढच्या दोन-तीन दशकांत लॅडल हीच रसायनशाळा बनली. निर्वात प्रक्रिया, आर्गॉन वायूने ढवळणं, लॅडल फर्नेसने तापवणं, ॲल्युमिनियम घालून ऑक्सिजन काढणं, हे सगळं लॅडलमध्ये होऊ लागलं.

इथेच मळीचा खरा उपद्रव सुरू झाला. लॅडलमध्ये पडलेलं ॲल्युमिनियम आधी मळीतल्या ऑक्साइडवर खर्च होतं. त्यातून ॲल्युमिनाचे बारीक कण निर्माण होतात आणि सततच्या ओतकामात नोझल, म्हणजे ओतायची तोटी, तुंबवतात. त्याहून वाईट म्हणजे मळीतला फॉस्फरस मोकळा होऊन पोलादात परततो. भट्टीत कष्टाने काढलेला फॉस्फरस लॅडलमध्ये परत आला तर त्याला तिथे काढणं जवळपास अशक्यच. म्हणजे मळी अडवण्याची साधनं वाढली ती भट्टी बदलली म्हणून नव्हे, लॅडलचं काम बदललं म्हणून.

कन्व्हर्टरमध्ये मळी दोनदा निसटते. तो कलवताना पोलादाआधी मळीच टॅपहोलपाशी येते. त्यासाठी भोकात लाकडी खुंटी किंवा पत्र्याचा शंकू बसवतात, तो काही क्षणांत जळून वाट मोकळी करतो. दुसरी वेळ शेवटची, आणि खरी परीक्षा तीच. सुरुवातीचा उपाय होता गोळा: उच्चतापसह मातीत लोखंडी छर्रे मिसळून त्याची घनता पोलाद आणि मळी यांच्या मध्ये आणायची, म्हणजे तो दोघांच्या सीमेवर तरंगतो आणि पोलाद संपत आलं की भोकावर बसतो. कागदावर झकास. प्रत्यक्षात दाट मळीने धरून ठेवला तर गोळा भोकापर्यंत पोचत नाही, आणि टॅपहोल झिजून वेडंवाकडं झालं असेल तर पोचूनही नीट बसत नाही. शिवाय गोळा जिथे टाकायचा ती जागा चुकली तर सगळंच मुसळ केरात.

म्हणून त्याला शेपूट आलं. त्याला डार्ट म्हणतात. शेपूट टॅपहोलमध्ये शिरतं, डोकं जागेवर राहतं, आणि डोक्यावरच्या खाचा पोलादाला गरगर फिरू देत नाहीत, म्हणजे भोवराच कमजोर पडतो. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात हुशार कल्पना ही: भोक बुजवण्याआधी भोवरा मोडा. याच सुमारास बाहेरून अडवणारी साधनंही आली. एकात टॅपहोलच्या तोंडाशी नोझल टेकवून नायट्रोजनचा झोत आत सोडतात. दुसऱ्यात लॅडलखालच्या सरकत्या गेटसारखं गेट टॅपहोलवरच बसवतात.

विद्युत भट्टीने वेगळा रस्ता धरला. तिथे भट्टी सुमारे ४० अंश कलवून चोचीतून ओतत, त्यामुळे मळी येणारच. १९८३ मध्ये डेन्मार्कमधल्या फ्रेडरिक्सव्हेर्कच्या कारखान्यात तळाशी एका बाजूला टॅपहोल असलेली पहिली ईबीटी (एक्सेंट्रिक बॉटम टॅपिंग) भट्टी सुरू झाली. ती १२ ते १५ अंश कलवली तरी पुरते. भोक खालून झडपेने बंद, वर ऑलिव्हिनची वाळू. झडप उघडली की वाळू निसटते आणि धार सुटते. नाही सुटली तर ऑक्सिजनची नळी लावून भोक फोडावं लागतं. पण खरी मेख अशी की भट्टी पूर्ण रिकामी करायचीच नाही. दहा-पंधरा टक्के पोलाद मुद्दाम मागे ठेवायचं आणि भोवरा पडायच्या आत भट्टी झटकन मागे घ्यायची. मागे राहिलेलं पोलाद पुढच्या हीटचं, म्हणजे पुढच्या खेपेचं, भंगार वितळवायला मदत करतं, म्हणजे तेही वाया जात नाही.

राहिला प्रश्न ‘आता मळी आली’ हे कळण्याचा. निळ्या काचेतून धारेकडे पाहणारा अनुभवी माणूस ते ओळखतो, कारण त्याच तापमानाला मळी पोलादापेक्षा उजळ दिसते. अवरक्त कॅमेरा नेमका हाच फरक मोजतो. माणसाचा हात हलेपर्यंत जाणारे दोन-तीन सेकंद मात्र तो वाचवतो. शेवटी लॅडलमध्ये सळई बुडवून थर मोजतातच. तीन मीटर व्यासाच्या लॅडलमध्ये एक सेंटिमीटर मळी म्हणजे दोनशे किलोच्या वर.