टूलचं नाव बोलकं असलं की वर्णन नको? खुलासा

एआय एजंटच्या (स्वतः कामं पार पाडणाऱ्या एआयच्या) टूलला, म्हणजे त्याला वापरायला दिलेल्या छोट्या प्रोग्रॅमला, बोलकं नाव दिलं की वर्णन एका ओळीत भागतं, हा समज चुकीचा आहे. टूलमागचा कोड मॉडेलसमोर, म्हणजे एजंट चालवणाऱ्या एआयसमोर, नसतो. असतं ते नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला कोणती माहिती द्यायची, उदा. तारीख). नुसतं ‘ऑर्डर शोधा’ लिहिलंत, तर ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हे मॉडेल अंदाजाने ठरवतं. बऱ्याचदा एररही येत नाही, गुपचूप भलतीच ऑर्डर हाती पडते.

त्यापेक्षा असं लिहा: ‘ग्राहक क्रमांक आणि तारखेवरून ऑर्डर देतं. तारीख वर्ष-महिना-दिवस, उदा. २०२५-०६-०५. एका वेळी कमाल २० नोंदी. रद्द ऑर्डर इथे मिळत नाहीत; त्यासाठी परताव्याचं टूल वापरा.’ शेवटचं वाक्य बऱ्याचदा गाळलं जातं, आणि दोन सारख्या टूलांत गल्लत नेमकी तिथेच होते. लांब वर्णनाने टोकन (मॉडेल वाचतं-लिहितं ते मजकुराचे तुकडे) वाढतात, हे खरं. पण टूलचा फसलेला कॉल (वापर) पुन्हा करायलाही टोकनच लागतात.