आम्लवर्षेच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळेला उपकरणे हवीत? अर्ज असा करा

मुंबईत पाऊस जूनमध्ये येतो, अनुदान मात्र आपल्या सवडीने. आम्लवर्षेने तलावांच्या पाण्याचे रसायन बदलते का, हे मोजायचे असेल तर अर्जाची तयारी आदल्या पावसाळ्यातच सुरू करा.

कायमस्वरूपी पदावरच्या, पीएच.डी. झालेल्या प्राध्यापकाने संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे. पूर्वीचे 'सर्ब' (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) आता त्यातच सामावले आहे. पदव्युत्तर विभागाला केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'फिस्ट' योजना आहे. तिथे अर्ज विभागाचा असतो, एकट्याचा नाही. पदवी महाविद्यालयांना जैवतंत्रज्ञान विभागाची 'स्टार कॉलेज'. नुसता सामूमापक (पीएच मीटर) आणि बाटल्या हव्या असतील, तर मुंबई विद्यापीठाचे लघु संशोधन अनुदान पुरे.

खरी परीक्षा उपकरणांच्या यादीत होते. स्वच्छ पावसाचा सामूही हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे सुमारे ५.६ असतो, त्यामुळे 'सामू ७ पेक्षा कमी, म्हणजे आम्लवर्षा' असे लिहिलेला प्रस्ताव तज्ज्ञ तिथेच बाजूला ठेवतात. पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की साधा इलेक्ट्रोड स्थिरच होत नाही. कमी क्षाराच्या पाण्यासाठीचा वेगळा इलेक्ट्रोड मागा. पाऊस पडतानाच उघडणारा संकलक मागा, नाहीतर बांधकामाची धूळ भांड्यात पडून आम्ल मारते. आयन क्रोमॅटोग्राफ (पाण्यातले आयन वेगळे करून मोजणारे यंत्र) मागताना सल्फेट-नायट्रेटवर थांबू नका, सोडियमही मोजायचे आहे हे लिहा. आपल्याकडचा बराच सल्फेट समुद्राच्या मिठातून येतो. समुद्राच्या पाण्यात सोडियमच्या वजनाच्या पाव भाग सल्फेट असतो; तेवढा वजा केल्याशिवाय चेंबूर-ट्रॉम्बेच्या धुराड्यांकडे बोट दाखवता येत नाही. कॉलम (आयन वेगळे करणारी, बदलावी लागणारी नळी), प्रमाण द्रावणे, यूपीएस आणि वॉरंटीनंतरची देखभाल यांचा खर्च आताच मांडा. कॉलमला पैसे नाहीत म्हणून झाकून ठेवलेली यंत्रे कमी नाहीत.

कागदपत्रे साधारण अशी: प्रस्ताव, प्रमुख संशोधकाचा परिचय व शोधनिबंधांची यादी, प्राचार्यांच्या सहीचे संस्थेचे हमीपत्र, वाङ्मयचौर्य नसल्याचे प्रतिज्ञापत्र, उपकरणांची दरपत्रके आणि पीएफएमएसवर (केंद्राच्या निधिवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर) नोंदलेल्या बँक खात्याचा तपशील. दरपत्रक ताजे घ्या. परदेशी यंत्राचा भाव डॉलरबरोबर हलतो.

नमुने विहार किंवा तुळशी तलावातून घेणार असाल, तर आणखी एक दार ठोठवावे लागते. दोन्ही तलाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत, म्हणून १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वन विभागाची परवानगी लागते. पाणी महापालिकेचे, त्यामुळे जलअभियंता खात्याकडेही अर्ज करा. ही पत्रे मिळायला वेळ जातो. पवई त्यामानाने सोपा, पण तिथे सांडपाणी मिसळते आणि पावसाचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते.

मंजुरीनंतर यंत्राची नोंद मालमत्ता नोंदवहीत करा आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांच्या १२-अ नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) पाठवा. ते अडले की पुढचा हप्ताही अडतो.