वर्खाइतकी पातळ पट्टी: रिबन माइक स्टुडिओतून घरात कसा आला

स्टुडिओतला कंडेन्सर माइक, म्हणजे आवाजाने थरथरणाऱ्या ताणलेल्या पातळ पडद्यावर चालणारा माइक, घरी बनवायचा म्हटलं, तर पडदा ताणणं आणि त्यावर सोन्याचा थर चढवणं ही कारखान्याची कामं आडवी येतात. रिबन माइकचं तसं नाही. दोन चुंबकं, त्यांच्या फटीत सैलसर टांगलेली अ‍ॅल्युमिनियमची चुणीदार पट्टी आणि एक ट्रान्सफॉर्मर, एवढंच सामान. हवा हलली की पट्टी हलते आणि चुंबकाच्या फटीत धातू हलला की त्यात वीज उमटते. सायकलचा डायनॅमो याच तत्त्वावर दिवा लावतो. इतकी साधी वस्तू हौशी माणसाच्या टेबलावर यायला मात्र ऐंशीएक वर्षं गेली. उशीर झाला तो मुख्यतः चुंबकापायी.

सुरुवात बर्लिनची. सीमेन्समध्ये वाल्टर शॉटकी आणि एर्विन गेरलाख यांनी १९२४ च्या सुमारास फटीतल्या पट्टीची कल्पना मांडली. शॉटकी म्हणजे तेच, ज्यांचं नाव पुढे शॉटकी डायोड या इलेक्ट्रॉनिक भागाला लागलं. पट्टीत वीज सोडली की ती आवाज करते, पट्टीसमोर आवाज केला की ती वीज देते. एकच यंत्र, सुलट लावलं तर स्पीकर आणि उलट लावलं तर माइक. अडचण अशी, की त्या काळची कायमस्वरूपी चुंबकं फार कमजोर. पट्टीभोवती पुरेसं क्षेत्र उभं करायचं तर तारेची वेटोळी गुंडाळलेले विद्युतचुंबक हवेत, त्यांना वेगळी वीज हवी. हे धूड प्रयोगशाळेत शोभणारं होतं.

त्याला कामाला लावलं अमेरिकेत, आणि गरज निर्माण केली बोलपटांनी. कॅमेऱ्याची घरघर, मोठ्या सेटवरचा घुमारा आणि चहूबाजूंचं सगळं सारख्याच आस्थेने ऐकणारे माइक, अशा कात्रीत हॉलिवूड सापडलं होतं. आरसीए या अमेरिकन रेडिओ कंपनीचे हॅरी ओल्सन यांनी पट्टीचा एक गुण नेमका हेरला. ती पुढून आणि मागून दोन्हीकडे उघडी असते. बाजूने आलेला आवाज तिच्या दोन्ही अंगांवर एकाच वेळी, सारख्याच जोराने आदळतो, त्यामुळे ती जागची हलत नाही. समोर आणि पाठीमागे मात्र ती तीक्ष्ण. कागदावर काढलं तर इंग्रजी आठचा आकडा होतो (आपला ८ नव्हे). खोलीत सगळीकडून येणाऱ्या घुमाऱ्यापैकी असा माइक साध्या सर्वदिशी माइकच्या एक तृतीयांशच ऊर्जा उचलतो. म्हणून तो नटापासून साधारण १.७ पट लांब ठेवला तरी बोलणं तितकंच स्वच्छ येतं आणि माइक चौकटीबाहेर राहतो.

ओल्सन यांचे पहिले नमुने विद्युतचुंबकांवर चालत. मग कायमस्वरूपी चुंबक आलं, १९३१ मध्ये आरसीएच्या बोलपटांचं काम पाहणाऱ्या फोटोफोन विभागाचा पीबी-३१ हा माइक आला आणि पाठोपाठ ४४-ए. जुन्या हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘आरसीए साउंड सिस्टिम’ ही ओळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही कंपनी परकी नाही. ४४ मालिकेतला पुढचा ४४-बीएक्स वजनाला चार किलोच्या आसपास, आणि त्यातलं बरंचसं वजन चुंबकाचं. पट्टीचं वजन मोजायला सोनाराचा तराजूही पुरला नसता.

रेडिओने तर या माइकभोवती एक अभिनयशैलीच घडवली. श्रुतिका करताना दोन नट माइकच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहत. पात्राला ‘निघून जायचं’ असेल तर नट चार पावलं मागे जात नसे. तो हळूच कडेला, माइकच्या बहिऱ्या अंगाकडे सरकायचा आणि श्रोत्याला वाटायचं, माणूस दूर गेला. गायकांना दुसरीच गंमत सापडली. या माइकच्या जवळ गेलं की खर्ज वाढतो. बिंग क्रॉस्बींसारख्या गायकांचं कानाशी गुणगुणल्यासारखं गाणं या खर्जाशिवाय तसं ऐकू आलं असतं का, मला शंका आहे. तंत्राच्या पुस्तकात या खर्जवाढीची नोंद दोष म्हणूनही सापडते.

ब्रिटनमध्ये प्रश्न पैशांचा होता. आरसीएचा माइक शंभर पौंडांच्या पुढे जात होता. बीबीसीने मार्कोनी कंपनीच्या साथीने १९३४ मध्ये स्वतःचा टाइप-ए काढला, तो नऊ पौंडांत. औषधाच्या गोळीच्या आकाराचा, आडव्या पट्ट्यांचा तो माइक जुन्या छायाचित्रांत आपण इतक्यांदा पाहिलेला असतो, की ‘रेडिओचा माइक’ म्हटल्यावर तोच डोळ्यांपुढे येतो. त्याच सुमाराचा एक धागा आपल्याकडे येतो. बीबीसीच्या संशोधन विभागाचे प्रमुख एच. एल. कर्क १९३६ मध्ये भारतीय नभोवाणीच्या उभारणीसाठी पाहणी करायला इथे आले होते, आणि त्याच वर्षी तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीच्याच अभियंत्यांनी आणखी एक रिबन आखला, तो ४०३८ या क्रमांकाने आजही बनतो. त्याची पट्टी ठोकून पातळ केलेल्या पत्र्याची, ०.६ मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करावा.

पण तोवर वारं फिरलं होतं. जर्मनीच्या नॉयमन कंपनीचा यू ४७ हा कंडेन्सर १९४९ मध्ये आला. त्याचा आवाज लखलखीत आणि सिग्नल दणकट. रिबनचा सिग्नल इतका मिणमिणता, की अ‍ॅम्प्लिफायरने तो वर ओढताना खरखरही वर यायची. शिवाय नाजूकपणा असा, की कुणी ‘हॅलो’ म्हणायच्या आधी माइकवर फुंकर मारली तरी पट्टी लोंबायला लागे. टेलिव्हिजनला लहान माइक हवे होते, रॉकवाल्यांना दांडगे. सत्तरच्या दशकात आरसीएने माइकचा धंदाच गुंडाळला. अपवाद राहिले. जर्मन बायर कंपनीचा दुहेरी पट्टीचा एम १६० त्यातला एक. इंग्लंडमधल्या एका जुन्या वाड्यात, जिन्याच्या तळाशी लेड झेपेलिन या रॉक बँडचे ड्रमर जॉन बोनहॅम यांचे ड्रम ठेवून ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी वर असे दोन माइक लावले आणि जिन्याचा घुमारा पकडला. ड्रमसमोर रिबन टिकत नाही म्हणणाऱ्यांना हे उदाहरण आजही दिलं जातं.

पुनरागमनाचं श्रेय लोक सहसा डिजिटल ध्वनिमुद्रणाला देतात आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. ध्वनिमुद्रणाची चुंबकीय फीत वरच्या स्वरांची धार आपोआप बोथट करायची; संगणक जे येईल ते तसंच ठेवतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस घराघरांत स्वस्त कंडेन्सर आले आणि झांजेचा, ‘स’काराचा, पेटीच्या पत्त्यांचा कर्कशपणा जसाच्या तसा उतरू लागला. रिबन वरच्या पट्ट्यांत हळूहळू उतरत जातो. कालची उणीव आज औषध ठरली. ‘उबदार आवाज’ हा शब्द मात्र मला जाहिरातवाल्यांनी झिजवून टाकलेला वाटतो.

माझ्या मते खरा बदल चुंबकात झाला. निओडिमियमची चुंबकं १९८० च्या दशकात अमेरिकेच्या जनरल मोटर्सने आणि जपानच्या सुमितोमोने स्वतंत्रपणे शोधली. ज्या क्षेत्रासाठी पूर्वी नालाएवढं लोखंड लागे, ते आता बोटभर पट्ट्यांत मावलं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या रॉयर लॅब्जने आर-१२१ काढला, २.५ मायक्रॉनच्या पट्टीचा आणि पाव किलोच्या आसपास वजनाचा. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरसमोर तो बिनधास्त लावता येई. त्यानंतर काही वर्षांत चीनचे स्वस्त रिबन माइक आले. हौशी मंडळींनी ते उघडले, आतली पट्टी आणि ट्रान्सफॉर्मर बदलले, आणि लक्षात आलं की यात आपल्याला न जमण्यासारखं काहीच नाही. तीच निओडिमियम चुंबकं आता सुटी, किरकोळीत मिळत होती. घरगुती बांधणीचा उद्योग तिथून फोफावला.

यातली कळीची गोष्ट पट्टी. स्वयंपाकघरातला फॉइल चालत नाही; तो दहा मायक्रॉनच्या आसपास आणि पुढे, म्हणजे चार-पाच पट जाड. काही जण जुन्या कागदी कपॅसिटरमधला (वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागातला) पत्रा उलगडून काढतात, काही जण मुलामा देणाऱ्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख आणतात. आपल्याला लगेच काजूकतलीवरचा चांदीचा वर्ख आठवतो, आणि चांदीतून वीज अधिक सहज वाहते हेही खरं. पण इथे हिशेब वजनाचा आहे. चांदी अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास चौपट जड, त्यामुळे तेवढ्याच वजनात अ‍ॅल्युमिनियम तिच्या दुपटीहून जास्त वीज वाहू देतं. शंभर वर्षांत मूळ धातू बदललेला नाही तो म्हणूनच.

पट्टी कागदाच्या घडीत ठेवून दोन दंतचक्रांमधून फिरवली की तिला चुण्या पडतात. चुण्यांमुळे ती ताणल्याशिवाय सरळ राहते आणि तिचं स्वतःचं कंपन ऐकू येण्याच्या मर्यादेच्या तळाशी जातं. बसवताना पोलादी चिमटा वापरायचा नाही. मी वापरला होता. निओडिमियमने तो खेचून घेतला आणि अर्ध्या दिवसाचं काम क्षणात चुरगळलं. टेबलावर कधीकाळी लोखंड कानसलेलं असेल तर तो कीसही फटीत जाऊन बसतो आणि पट्टी त्यावर घासून कुरकुरते. पितळी किंवा प्लॅस्टिकचा चिमटा आणि स्वच्छ टेबल, इतकं पुरतं.

ट्रान्सफॉर्मर मात्र विकतच घ्यावा. पट्टीचा रोध जेमतेम ०.२ ओहम. एकास पस्तीस वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर लावला की रोध पस्तीसच्या वर्गाने, म्हणजे १२२५ पटीने वाढतो आणि २४५ ओहम होतो. ते ध्वनिमुद्रणाच्या कुठल्याही मिक्सरला मानवतं. स्वीडनची लुंडाल कंपनी खास या कामाचे ट्रान्सफॉर्मर बनवते. पट्टीकडून येणाऱ्या दोन तारा फटीच्या दोन अंगांनी सारख्या अंतराने न नेल्यास त्यांच्या वळशात घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घूं शिरते.

मग प्रश्न येतो फँटम पॉवरचा. कंडेन्सरला केबलमधूनच ४८ व्होल्ट देण्याची ही पद्धत १९६६ मध्ये नॉयमनने नॉर्वेच्या रेडिओसाठी आणली. ४८ व्होल्ट का, तर तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी तेवढा पुरवठा आधीच होता. केबल नीट असेल तर तो दाब ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही टोकांवर सारखा येतो आणि रिबनला काही होत नाही. एखादी तार तुटली किंवा आत कुठे टेकली, की ट्रान्सफॉर्मरमधून झटका जातो आणि पट्टी उसळून ताणली जाते. म्हणून स्विच बंद करूनच माइक जोडावा. आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या नव्या रिबनना मात्र हेच ४८ व्होल्ट लागतात, तेव्हा आपल्या हातातला कुठला, ते आधी पाहावं.

घरात वापरताना ओल्सन यांची जुनी युक्ती पुन्हा कामाला येते. फ्लॅटमध्ये गाणारा तबल्याशेजारीच बसलेला असतो. माइकची बहिरी बाजू तबल्याकडे केली की गळा बराचसा सुटा मिळतो. पाठ मात्र समोरच्याइतकीच तिखट असते, त्यामुळे माइकमागे उघडी भिंत आली की खोली डब्यासारखी वाजते. तिथे गोधडी किंवा पुस्तकांचं कपाट आणावं. काम झालं की माइक उभाच ठेवायचा, वर कापडी पिशवी घालून. आडवा पडून राहिला तर पट्टी स्वतःच्याच वजनाने मधे झोळ धरते.